भूतपुरीतील भयरसिक

चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, शहरापासून सुमारे ४० किलोमीटरांवर, कांचीपुरम जिल्ह्यातील ज्या तालुक्याच्या गावी विशिष्टाद्वैताचे आचार्य रामानुज यांचा जन्म परंपरेनुसार १०१७ साली झाला, त्या श्रीपेरुंबुदूरचे संस्कृत नाव भूतपुरी असे आहे, ही गोष्ट तेथून मोटारीने वेगात निघून जाणाऱ्या फार थोड्या मराठी प्रवाशांना ठाऊक असते. स्थलपुराण असे सांगते की, भगवान शंकर जटा मोकळ्या सोडून, देहभान विसरून नाचत असताना त्यांच्या भूतगणांना हसू आवरले नाही. त्या हसण्याचा अपराध म्हणून शंकरांनी त्यांना शाप देऊन आपल्या सान्निध्यातून दूर केले. मग भूतगणांनी विष्णूची आराधना केली, आदिकेशव प्रकट झाला, त्याने अनंतसरस नावाचे सरोवर निर्माण केले, त्यात स्नान करून भुते शापमुक्त झाली, आणि कृतज्ञतेने त्यांनी तेथे आदिकेशवाचे मंदिर व त्याभोवती नगर वसविले. भुतांनी वसविलेल्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या जागा आपल्याकडेही आहेत; परंतु भुतांना हसू आले या एका कारणावरून ज्याची कथा सुरू होते, असे गाव मी दुसरे ऐकलेले नाही.

त्या सरोवराच्या आसपास गेल्या पंचवीस-तीस वर्षांत दुसरेच एक नगर उभे राहिले आहे. इरुंगाट्टुकोट्टै येथील ह्युंदाईच्या कारखान्यात १९९८ साली मोटारींचे उत्पादन सुरू झाले, आणि मोटारी, काच, भ्रमणध्वनी व विजेची उपकरणे निर्माण करणाऱ्या कारखान्यांनी हळूहळू हा सारा मुलूख व्यापला. ओडिशा, बिहार, झारखंड आणि आसाम येथून आलेले मजूर, तमिळनाडूच्या दूरच्या जिल्ह्यांतून येऊन वसतिगृहांत राहणाऱ्या मुली, नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली थोडी मराठी कुटुंबे, अशी ही बहुभाषक वस्ती आहे. एकमेकांची भाषा अर्धीमुर्धी समजणाऱ्या माणसांना समान अधिकाराने बोलता येईल असे विषय थोडे असतात. त्यांत सिनेमा हा एक, आणि सिनेमातही भयपट हा विशेष, कारण तेथे कथा कळण्याच्या आधी अंगावर काटा येतो. भयपटाला तमिळमध्ये ‘पेय् पडम्’ म्हणतात; पेय् म्हणजे भूत आणि पडम् म्हणजे चित्रपट. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसमध्ये किंवा खोलीवर जेवताना नुकत्याच पाहिलेल्या पेय् पडमची गोष्ट निघाली की ‘इंटरव्हल ब्लॉक’ कसा होता, ‘बीजीएम’ने म्हणजे पार्श्वसंगीताने किती भिवविले, ‘फ्लॅशबॅक’ पटला की नाही, यांवर मतांची देवघेव सुरू होते, आणि ती देवघेव चित्रपटाच्या लांबीपेक्षा अधिक काळ चालते.

या देवघेवीकडे आपण सामान्यतः रिकाम्या वेळचा उद्योग म्हणून पाहतो. मला ती तशी वाटत नाही. भयपट हा पडद्यावर अर्धाच होतो. पाहून आलेल्याने तो दुसऱ्याला सांगितला, दुसऱ्याने त्यावर आपली हरकत घेतली, तिसऱ्याने आपल्या गावचे भूत त्यात आणून बसविले, म्हणजे तो पुरा होतो. कोकणात पावसाळ्याच्या रात्री ओटीवर बसून मुंजा, हडळ, जखीण, खवीस, देवचार आणि वाट चुकविणारा चकवा यांच्या गोष्टी सांगितल्या जात, त्या गोष्टींचा निवेदक स्वतःला कधी कर्ता म्हणवीत नसे. आपल्या मामाला, आजोबांना किंवा शेजारच्या वाडीतल्या कुणाला जे दिसले त्याची साक्ष आपण देत आहोत, अशी त्याची भूमिका असे. आजचा भयरसिक चित्रपटगृहातून येऊन जे सांगतो ती जातीने तीच साक्ष आहे. फरक इतकाच की त्याने पाहिलेले भूत मामाने पाहिलेले नसते, त्याने स्वतः तिकीट काढून पाहिलेले असते.

भयपटासंबंधी दोन रसिक भेटले की पहिला प्रश्न असा असतो: कुठे भ्यालास? याचे उत्तर बहुधा आवाजापाशी येऊन थांबते. दाराची करकर, माडीवरचे पाऊल, आणि त्याहूनही अधिक म्हणजे एकाएकी पसरलेली नीरवता. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची कारणे सांगताना विकृत ध्वनी, भूतदर्शन, कोल्हा व घुबड यांच्यापासून होणारा त्रास, अरण्य आणि ओसाड घर यांची गणना केली आहे, आणि त्या यादीत ध्वनीला प्रारंभीच स्थान दिले आहे. पडदा, कॅमेरा आणि ध्वनिक्षेपक यांतले काहीही नसताना केलेली ती यादी आजच्या कोणत्याही पेय् पडमच्या सामग्रीशी ताडून पाहावी. तीतले जवळजवळ काहीच बाद करावे लागत नाही.

प्रेक्षकाला दचकविण्याची जी युक्ती आज ‘जम्प स्केअर’ या नावाने ओळखली जाते, तिचा एक प्रसिद्ध पूर्वज १९४२ सालच्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन चित्रपटात आढळतो. दिग्दर्शक झाक तूर्नर आणि निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या या चित्रपटात रात्रीच्या सुनसान रस्त्याने एक स्त्री चालली आहे, मागून कुणीतरी येत असल्याचा तिला भास होतो, आपणही तिच्याबरोबर श्वास रोखतो, आणि हिंस्र श्वापदाच्या फूत्कारासारखा आवाज करीत समोर येऊन थांबते ती केवळ एक बस. भीतीचे कारण निरुपद्रवी निघाले तरी भीती खोटी ठरत नाही, हे त्या एका बसने सिद्ध केले. मेंदूच्या अंतर्भागात बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा एक भाग आहे. तो धोक्याची वर्दी देतो, आणि ‘ही तर बस आहे’ असा निवाडा बुद्धीने देण्यापूर्वीच हृदयाचे ठोके वाढलेले असतात व तळहात घामेजलेले असतात.

मात्र दचकविणे आणि भिवविणे यांत अंतर आहे, आणि जाणते रसिक हे अंतर फार काटेकोरपणे मोजतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला राहुल सदाशिवन यांचा ‘ब्रमयुगम’ हा मल्याळम चित्रपट याचे उत्तम उदाहरण होय. सतराव्या शतकातील मलबार, पावसात कुजत चाललेला एक वाडा, त्यात मोजकीच माणसे, त्यांतला एक मामुट्टी यांनी उभा केलेला वृद्ध गृहस्वामी, आणि सारा चित्रपट कृष्णधवल. यात दचकविण्याचे प्रसंग थोडे आहेत. परंतु यजमान हसत हसत पाहुण्याला ठेवून घेतो आणि पाहुण्याला निघण्याची वाट सापडेनाशी होते, तेव्हा जे भय हळूहळू चढत जाते ते चित्रपटगृहाबाहेरही आपल्याबरोबर येते. माझ्या मते अलीकडच्या भारतीय भयपटांत याची योग्यता फार वरची आहे. कारण यातले खरे भूत सत्ता हे आहे, आणि ते कोणत्या अंगात संचरेल याचा नेम नाही.

रसिकांचा दुसरा प्रश्न अधिक खोल जातो: भूत कोण होते, आणि ते का आले? आपल्या लोककथांतील भूत विनाकारण कुणाला धरीत नाही. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वी मेला तो मुंजा पिंपळावर राहतो. कुणाची इच्छा अपुरी राहिलेली असते, कुणावर अन्याय झालेला असतो. दप्तराच्या भाषेत बोलायचे तर भूत हा असा फिर्यादी आहे की ज्याची फिर्याद जिवंतपणी कोणत्याही कचेरीत दाखल झाली नाही, म्हणून तो मरणोत्तर दाद मागायला आला आहे. तमिळ भयपटाने ही कल्पना विशेष निष्ठेने जपली आहे. राघव लॉरेन्स यांच्या २०११ च्या ‘कांचना’मध्ये शरत्कुमार यांनी रंगविलेली कांचना ही तृतीयपंथी व्यक्ती आहे, समाजाने जिला जिवंतपणी घरात घेतले नाही, तिचे भूत नायकाच्या अंगात शिरते तेव्हा सारे चित्रपटगृह तिच्या बाजूचे होते. अरिवळगन यांच्या २००९ च्या ‘ईरम्’मध्ये भुताचे माध्यम पाणी आहे, ईरम् म्हणजे ओल. भिंतीवर ओल दिसू लागली की प्रेक्षक सावध होतो, आणि घरोघरी दिसणाऱ्या इतक्या साध्या वस्तूचे भय वाटू लागते हे त्या दिग्दर्शकाचे यश आहे. मिष्किन यांच्या २०१४ च्या ‘पिसासु’मध्ये तर भुताची कल्पनाच उलटविलेली आहे, अपघातात सापडलेल्या मुलीला वाचविण्याची धडपड करणाऱ्या एका व्हायोलिनवादकाच्या घरी तिचा आत्मा येतो, आणि आपण ज्याला भितो आहोत ते सुडासाठीच आले आहे काय, या शंकेने आपले भय करुणेकडे झुकू लागते.

नाट्यशास्त्राने भयाचे तीन प्रकार सांगितले आहेत: व्याजाने म्हणजे बतावणीने उत्पन्न झालेले, अपराधातून उत्पन्न झालेले, आणि प्रत्यक्ष त्रासातून उत्पन्न झालेले. बतावणीच्या भयाचे चित्रपट कोणते ते सांगणे म्हणजे त्यांचे रहस्य फोडणे होईल, म्हणून येथे त्यांची नावे मी घेत नाही. अपराधजन्य भयाचा मराठीतील सर्वांत जिव्हारी लागणारा नमुना म्हणजे विशाल फुरिया यांचा २०१७ चा ‘लपाछपी’. पूजा सावंत यांनी केलेली गर्भवती नायिका उसाच्या फडात वाट चुकते. उंच ऊस, सारख्याच दिसणाऱ्या वाटा आणि मुलांचे आवाज यांनी जे भय उभे राहते त्याच्या मुळाशी मुलींना जन्मू न देणाऱ्या घराचा अपराध आहे. याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये ‘छोरी’ या नावाने तो चित्रपट हिंदीत पुन्हा केला. ‘लपाछपी’ पाहून आलेल्या स्त्रिया त्याविषयी बोलू लागल्या म्हणजे बोलणे भुताकडून फार लवकर आपल्या आजीकडे, मावशीकडे, गावातल्या एखाद्या न बोलल्या गेलेल्या घटनेकडे वळते. जी गोष्ट थेट उच्चारण्याची घरात सोय नसते, ती उच्चारण्याची सनद भयपटाने मिळते.

भूत कोण, या प्रश्नाला आणखी एक पैलू आहे, आणि तो श्रीपेरुंबुदूरसारख्या बहुभाषक गावात बसून विचार केल्यास विशेष डोळ्यांत भरतो. फाझिल यांच्या १९९३ च्या ‘मणिचित्रताळ्’ या मल्याळम चित्रपटातील नागवल्ली ही नर्तिका तंजावरची आहे, आणि केरळातल्या त्या वाड्यात तिची वाणी तमिळ आहे. तंजावर म्हणजे १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी जेथे होती ते नगर, हे मराठी वाचकाला सांगावयास नकोच. पी. वासू यांनी २००५ मध्ये ही कथा रजनीकांत व ज्योतिका यांना घेऊन ‘चंद्रमुखी’ म्हणून तमिळमध्ये आणली, तेव्हा ती नर्तिका तेलुगू बोलू लागली. आणि प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये ‘भूल भुलैया’ केला तेव्हा तिची मंजुलिका होऊन ती बंगाली बोलू लागली. कथा तीच, वाडा तोच, परंतु प्रत्येक वेळी भुताची भाषा परप्रांताची. सुंदर सी. यांच्या मे २०२४ मधील ‘अरण्मनै ४’ने तर आसामी लोककथांतला, पाण्याशी निगडित असलेला ‘बाक’ नावाचा भूतविशेष तमिळ प्रेक्षकांपुढे आणून उभा केला. आसामचे मजूर तमिळ कारखान्यांत आले, आणि आसामचे भूत तमिळ वाड्यात आले.

यात परक्याविषयीचा संशय आहे, हे मला नाकारता येत नाही. अनोळखी भाषा बोलणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, म्हणून त्याची भीती वाटते. परंतु पेय् पडमविषयीच्या गप्पा हाच त्या भीतीवरचा उतारा होऊ शकतो, असेही मला वाटते. ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’ असा प्रश्न निघाला की तमिळ मनुष्य पेय्, पिसासु, मोहिनी, काट्टेरी अशी नावे सांगतो. मराठी मनुष्य हडळ आणि जखीण पुढे ठेवतो. आसामी मनुष्य बाकाची गोष्ट सांगतो. आणि तिघांच्याही गोष्टींत पाण्याच्या काठी, तिन्हीसांजेला, एकट्या वाटसरूला काहीतरी दिसलेले असते. माणसे एकमेकांच्या भुतांना ओळखू लागली की एकमेकांनाही ओळखू लागतात.

स्वतः रामानुजांच्या चरित्रपरंपरेतही भूतबाधेची एक कथा आहे. कांचीच्या राजकन्येला ब्रह्मराक्षसाने धरले. रामानुजांचे गुरू यादवप्रकाश मंत्र म्हणून थकले तरी तो हटेना. पुढे त्या ब्रह्मराक्षसाने तरुण रामानुजांपुढे मात्र नम्र होऊन राजकन्येला सोडले, आणि आपण गेल्याची खूण म्हणून जवळच्या वृक्षाची फांदी मोडली. झाड सोडताना भुताने फांदी मोडावी, ही आपल्याकडच्या गोष्टींतही पूर्वापार चालत आलेली खूण आहे. तमिळ परंपरेत तर भूत हे केवळ भीतीचे पात्र राहिलेलेच नाही. कारैक्काल अम्मैयार या प्राचीन शिवभक्त कवयित्रीने आपले रूप टाकून भुताचे रूप मागून घेतले आणि तिरुवालंगाडू येथे शिवाच्या नृत्यात ती रमली; वैष्णवांच्या पहिल्या तीन आळ्वार संतांतील एकाचे नावच पेयाळ्वार, म्हणजे भगवंताच्या वेडाने झपाटलेला. ज्या भाषेने आपल्या संतांना भुताचे नाव दिले, त्या भाषेतले प्रेक्षक पेय् पडमला सहकुटुंब जातात यात आश्चर्य वाटू नये.

रसिकांचा तिसरा प्रश्न हसण्याचा. २००७ च्या ‘मुनी’पासून राघव लॉरेन्स यांनी जो प्रकार रूढ केला, त्यात स्वतः नायकच भित्रा असतो, रात्र झाली की तो आईच्या आड लपतो, आणि त्याला पाहून आपण हसत असतानाच भूत येते. हिंदीत ‘स्त्री’ने २०१८ मध्ये ही वाट मोठी केली. १५ ऑगस्ट २०२४ या एकाच दिवशी हिंदीत ‘स्त्री २’ आणि तमिळमध्ये ‘डिमॉन्टी कॉलनी २’ प्रदर्शित झाले, हा योग भयरसिकांना चर्चेस पुरेसा होता, कारण दोहोंचे स्वभाव भिन्न आहेत. ‘स्त्री २’ प्रेक्षकाला हसवून सैल करतो आणि मग पकडतो. अजय ज्ञानमुत्तु यांचा ‘डिमॉन्टी कॉलनी’ हा २०१५ चा मूळ चित्रपट मात्र चेन्नईतील एका खऱ्या वसाहतीचे नाव आणि जॉन डी मॉन्टे या पोर्तुगीज व्यापाऱ्याभोवतीच्या आख्यायिका घेऊन चार मित्रांना एका खोलीत कोंडतो आणि प्रेक्षकाला सवड देत नाही. दुसरा भाग पसरट झाला आहे, आणि पहिल्या भागातील त्या एका खोलीची दहशत त्याला साधलेली नाही, असे माझे मत आहे. २०२४ च्याच जूनमध्ये आलेला आदित्य सरपोतदार यांचा ‘मुंज्या’ मराठी प्रेक्षकाने आवर्जून पाहावा असा. कोकणातला मुंजा हिंदी पडद्यावर आला, आणि घरातील आजी, आई व मुलगा यांचे संबंध त्यात आपल्या ओळखीचे राहिले.

हास्याने भय पातळ होते अशी काही जुन्या रसिकांची तक्रार असते. भरतमुनींनी शृंगारापासून हास्य आणि बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो असे सांगितले, म्हणजे दोहोंची कुळे भिन्न मानली, हे खरे. परंतु भूतपुरीची कथा मला येथे अधिक मार्गदर्शक वाटते. तेथे भुते प्रथम हसतात, मग शापित होतात, मग मुक्त होतात. भूत हसले म्हणजे ते आपल्यासारखे झाले, आणि जे आपल्यासारखे झाले त्याचे दुःख आपण समजून घेऊ शकतो. ‘कांचना’च्या पूर्वार्धात हसलेला प्रेक्षक उत्तरार्धात रडतो, तो याच वाटेने.

येथे कुणी विचारील की, जगात खरे भय काय कमी आहे, म्हणून माणसाने पैसे देऊन ते विकत घ्यावे? श्रीपेरुंबुदूरला हा प्रश्न अधिक गांभीर्याने विचारला पाहिजे. कारण २१ मे १९९१ च्या रात्री याच गावी निवडणुकीच्या सभेत माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची बाँबस्फोटाने हत्या झाली, त्यांच्याबरोबर इतरही अनेक निरपराध माणसे मृत्युमुखी पडली, आणि आज त्या जागी स्मारक उभे आहे. त्या रात्रीच्या भयात रस नव्हता. लौकिक भय आणि नाट्यातील भय यांतला हा भेद नाट्यशास्त्राचे टीकाकार अभिनवगुप्त यांनी एक हजार वर्षांपूर्वी शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील हरणाच्या दाखल्याने विशद केला आहे: राजाच्या बाणापुढे जीव घेऊन धावणारे ते हरीण आपण पाहतो तेव्हा ‘मी भ्यालो’ असेही आपल्याला वाटत नाही आणि ‘ते कुणी एक हरीण भ्याले’ असेही नाही, स्थळ, काळ आणि व्यक्ती यांच्या हद्दी गळून पडतात आणि केवळ भय तेवढे उरते, म्हणून त्याचा आस्वाद घेता येतो.

आधुनिक मानसशास्त्रही निराळ्या वाटेने याच परिसरात येऊन पोहोचले आहे. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाच्या संशोधकांनी कृत्रिम भूतबंगल्यात जाणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले, आणि २०२० मध्ये असे मांडले की भय फार थोडे असले तर कंटाळा येतो, फार झाले तर त्रास होतो, आणि आनंद मध्यावर असतो. अमेरिकन संशोधक कोल्टन स्क्रिव्हनर व त्यांचे सहकारी यांनी कोरोनाच्या साथीच्या काळात केलेल्या अभ्यासात भयपट आवडीने पाहणाऱ्या लोकांना मानसिक क्लेश तुलनेने कमी झाल्याचे आढळले. एवढ्यावरून भयपट हे औषध आहे असे म्हणणे अतिरेकाचे होईल. परंतु सुरक्षित जागी बसून भीतीला सामोरे जाण्याचा सराव मनाला काही देत असावा, असे मानण्यास आधार आहे. आणि भीती दुसऱ्याला सांगितली म्हणजे हलकी होते, हे तर प्रयोगशाळेशिवायही प्रत्येक आईला ठाऊक आहे.

रसिकांच्या बोलण्याचे सामर्थ्य किती, याची साक्ष ‘तुंबाड’ देतो. राही अनिल बर्वे यांना हा चित्रपट सुचला तो एका मित्राने नागझिऱ्याच्या अरण्यात १९९३ साली सांगितलेल्या नारायण धारपांच्या एका कथेवरून, असे त्यांनी सांगितले आहे. म्हणजे या चित्रपटाचा उगमच कुणीतरी कुणालातरी सांगितलेल्या भयकथेत आहे. २०१८ च्या व्हेनिस महोत्सवातील समीक्षक सप्ताहाचा आरंभ या चित्रपटाने झाला; १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो भारतात प्रदर्शित झाला, आणि चित्रपटगृहांत त्याला माफकच प्रतिसाद मिळाला. त्यानंतर सहा वर्षे प्रेक्षकांनी तो एकमेकांना सांगितला. हस्तर, आजी, न थांबणारा पाऊस आणि मुद्रेमागे मुद्रा वेचणारा विनायकराव यांविषयी माणसे बोलत राहिली. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत आला, आणि या दुसऱ्या वेळी त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. नव्या जाहिरातीने एवढे घडत नाही; सहा वर्षांच्या बोलण्याने ते घडले. धारपांचा जन्म १९२५ चा आणि मृत्यू २००८ चा. आपल्या कथेच्या सावलीतून उभा राहिलेला हा चित्रपट त्यांनी पाहिला नाही, याची मला खंत वाटते.

या बोलण्याची एक जबाबदारीही आहे. भूत ही कल्पनेतील फिर्याद आहे, व्यवहारातील वस्तुस्थिती नव्हे, हे भान रसिकाने सोडता कामा नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा अमलात आला, आणि भूत उतरविण्याच्या मिषाने कुणाला मारहाण करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. भयपटावर प्रेम करणाऱ्या माणसाने तर हे अधिक ठामपणे सांगितले पाहिजे, कारण गोष्ट आणि प्रत्यक्ष यांतली हद्द त्याला इतरांपेक्षा चांगली ठाऊक असते. अंगात आलेल्या स्त्रीला वैद्याची आणि आपुलकीची गरज असते. पडद्यावरील नागवल्लीला टाळ्या द्याव्यात, घरातील दुःखी जिवाला आधार द्यावा.

म्हणून भयरसिकांना माझी एवढीच विनंती आहे. चित्रपट पाहून आलात की तो अवश्य सांगा, परंतु शेवट सांगू नका. ज्याने पाहिला नाही त्याच्या भीतीवर त्याचा हक्क आहे. आपण कोठे भ्यालो ते लपवू नका, कारण न भ्याल्याची बढाई मारणाऱ्याच्या साक्षीला किंमत नसते. भूत का आले, कोणता अन्याय त्याच्या पाठीशी होता, हे विचारल्याशिवाय चर्चा संपवू नका. आणि शेजारी दुसऱ्या भाषेचा मनुष्य बसला असेल तर त्याच्या गावचे भूत कोणते, हे त्याला नक्की विचारा.